मिसळीचा भाव कोणी पाडत नाही

ठाण्यातल्या तहसील कचेरीला लागून असलेल्या मामलेदार मिसळीच्या दुकानात पैसे देताना 'थोडं कमी करा ना' म्हणणारं गिऱ्हाईक मी कधीच पाहिलेलं नाही. लोक रांगेत उभे राहतात, जागा मिळेल तिथे अनोळखी माणसाला खेटून बसतात, तिखट किती हवं ते आधीच सांगतात, नाक-डोळे पुसत खातात आणि सांगतील ते पैसे देऊन समाधानाने बाहेर पडतात. हीच माणसं दुपारी एखाद्या हस्तकलेच्या प्रदर्शनात जातात, वारली चित्र हातात घेतात आणि तोंडातून पहिला प्रश्न निघतो, 'लास्ट किती?' माणूस तोच, पाकीट तेच, दिवसही तोच.

हे मला फार टोचतं. टोचतं म्हणूनच बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांचा ठाण्यातला दिवस मी ठरवून आखते. आमच्याकडे पाहुण्यांची ये-जा सतत असते. माहेर सोलापूरचं, सासर ठाण्याचं, त्यामुळे परीक्षेला, लग्नाला, दवाखान्याला कोणी ना कोणी येतंच. गेटवे, चौपाटी, सिद्धिविनायक बहुतेकांचं आधीच झालेलं असतं. मग एक दिवस मोकळा उरतो आणि विचारलं जातं, 'इथं खायला काय चांगलं मिळतं? आणि घरच्यांसाठी काय घेऊन जावं?' हे दोन प्रश्न लोक वेगवेगळे विचारतात. मी त्यांचं उत्तर एकच देते. सकाळ ठाण्यात, दुपार बेलापूरला, आणि दोन्हीकडे वस्तू तयार होताना बघायची.

सुरुवात वड्यापासून. ठाणे स्टेशनाच्या पश्चिमेला बाहेर पडलं की कुंजविहार आहे. तिथला वडा आकाराने एवढा मोठा की एकात एका माणसाचा नाश्ता होतो. नौपाड्यात विष्णुनगरात गजानन वडापाव आहे, तिथे वड्यासोबत बेसनाची पिवळी पातळ चटणी देतात, आणि खरं तर वड्यापेक्षा त्या चटणीसाठीच लोक परत येतात. कुठला चांगला यावर ठाणेकर तासभर भांडू शकतात. मी गजाननच्या बाजूची. पण पाहुण्यांना नेलं की मी त्यांना पहिला वडा हातात मिळेपर्यंत कढईसमोर उभं करते. पिठात बुडवलेला गोळा तेलात सोडणारी बोटं, झाऱ्याने तो उलटण्याची वेळ, तेल निथळू देण्याची घाई नसणं, मिरच्या शेवटी तळून वरून मीठ भुरभुरवणं. कढईसमोरचा माणूस दिवसभर त्या आचेत उभा असतो, हे बघणाऱ्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. मिसळीचंही तसंच. आपण प्रत्येकाने घरी कधी ना कधी कडधान्य भिजवलेलं असतं, मोड आणलेले असतात, कांदा-खोबरं भाजताना ठसका लागलेला असतो. तर्री वर यायला काय काय लागतं ते हातांना माहीत असतं. माझ्या मते मिसळीची किंमत निमूट दिली जाते ती यामुळे. दमलेल्या हाताची ओळख आधीच झालेली असते.

गोखले रोड, राम मारुती रोड हे मी पाहुण्यांना भरभर दाखवते. साड्या, ड्रेस, पर्सेस, मोबाईलची कव्हरं, हे सगळं सोलापूरच्या नवी पेठेतही मिळतं. प्रशांत कॉर्नरमधून परतीच्या प्रवासासाठी मिठाई घ्यायची आणि पुढे जायचं. अपवाद दिवाळीआधीच्या पंधरवड्याचा. तेव्हा याच भागात हाताने केलेले कागदी आकाशकंदील लटकतात, आणि कामट्यांचा सांगाडा नीट बांधलेला आहे की नाही हे कंदील कानाशी हलवून कळतं. सांगाडा ढिला असेल तर कुरकुरतो.

तलावपाळीकडून जांभळी नाक्याच्या मंडईत शिरलं की मात्र पाय थांबतात. कौपिनेश्वराचं देऊळ, फुलांचे ढीग, मसाल्याची दुकानं, सुकामेवा, पोत्यांतून मांडलेल्या मिरच्या. पावसाळ्यात इथल्या आणि स्टेशनजवळच्या फुटपाथवर मुरबाड-शहापूरकडून, येऊरच्या पाड्यांवरून बायका रानभाज्या घेऊन येतात. टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, करटोली, कुड्याची फुलं. सगळ्यांत आधी, पावसाच्या तोंडावर, येतात ती शेवळं. जमिनीतून वर आलेल्या जांभळट कोंबांच्या जुड्या, आणि त्यांच्याबरोबर काकडं नावाची हिरवी आंबट फळं. शेवळं खाजरी असतात. खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं आणि काकडाच्या आंबटाबरोबर शिजवायचं, तर ती घशाला लागत नाहीत. ठाण्यातल्या सीकेपी घरांत शेवळं कोलंबी घालून होतात, आणि वर्षातून मोजके दिवसच होतात. माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ती साफ करायला शिकवलं. तेव्हा कळलं की ही भाजी आधी रानात शोधावी लागते, मग खणावी लागते, मग पहाटेच्या पहिल्या गाडीने डोक्यावरून आणावी लागते.

आणि याच बाईशी भाव होतो. दहा रुपयांसाठी. गाडीतून उतरलेली माणसं उकिडवी बसून तिच्याशी घासाघीस करतात आणि जुडीवर एखादी फुकट मागतात. शेवळं कशी मिळतात हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून तिची किंमत त्यांना मनमानी वाटते. कढईतला वडा दिसतो, रान दिसत नाही.

ठाण्याचं जे खाणं मला सर्वांत जवळचं वाटतं, ते हॉटेलांत फारसं मिळत नाही हेही सांगून टाकते. सोड्याची खिचडी, वालाचं बिरडं, खाजाचे कानवले. सोडे म्हणजे सोलून कडक उन्हात वाळवलेली कोलंबी. ओली पाटीभर कोलंबी वाळून मूठ-दोन मूठ उरते, म्हणून सोडे महाग. बिरड्याचे वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि एकेक सोलायचे. घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायका ठाण्याच्या जुन्या वस्त्यांतून आहेत. ओळखीच्या कोणाला तरी विचारलं की नंबर मिळतो. पाहुणे येणार असं कळलं की मी आदल्या दिवशी सांगून ठेवते. ज्यांना मांसमच्छी चालते त्यांनी ठाण्यात येऊन सोड्याची खिचडी न खाता जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हस्तकलेकडे येते, पण त्याआधी या गावाबद्दल थोडं. आज ठाणं हे विकत घेणाऱ्यांचं शहर आहे. एके काळी ते बनवणाऱ्यांचं होतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने 'ताना'च्या राज्याचं वर्णन केलं, त्यात इथून बाहेर जाणाऱ्या उत्तम कमावलेल्या कातड्याचा आणि सुती कापडाचा उल्लेख आहे. पोर्तुगीजांच्या काळात इथलं रेशमी कापड नावाजलेलं होतं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं, पुढे इंग्रज आले, आणि १८८२ च्या जिल्हा गॅझेटियरमध्येही ठाण्यातल्या रेशीम विणकरांची नोंद सापडते. आज मासुंदा तलावाभोवती फिरताना याची एकही खूण दिसत नाही. चर्च उभं आहे, तलाव आहे, नावा आहेत, भेळ आहे. माग गेले. एखाद्या गावातून कारागिरी गेली की पुढच्या पिढ्यांना तिची किंमत करता येत नाही, आणि ठाण्याचंही तेच झालं असावं.

पण जिल्ह्यातून ती गेली नव्हती. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे सगळे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. माझ्या नवऱ्याने शाळेत वारली चित्रकला 'आपल्या जिल्ह्याची कला' म्हणून शिकली. जिल्ह्याची रेघ सरकली म्हणून नातं तुटत नाही. म्हणून ठाण्यात कोणी विचारलं, इथलं म्हणून काय न्यावं, तर माझं उत्तर आजही वारली चित्र हेच असतं. फक्त ते छापील नको.

ते बघायला बेलापूरला जायचं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडी पकडायची. २००४ मध्ये हा मार्ग सुरू झाला आणि ठाण्याच्या माणसाला नवी मुंबई खरोखर शेजारची झाली. पनवेल गाडीने ऐरोली, घणसोली, तुर्भे, नेरुळ करत थेट बेलापूरला उतरायचं. तिथे जवळच सिडकोने उभारलेलं अर्बन हाट आहे. चढ-उतारावर पसरलेली मोकळी जागा, झाडं, छपराखाली ओळीने मांडलेले गाळे. इथे कारागीर मेळ्यागणिक बदलतात. कधी येवल्याची पैठणी, कधी कोल्हापूरची चप्पल, कधी बंगालचं, कच्छचं, आसामचं काम. त्यामुळे जाण्याआधी सध्या कोणता मेळा चालू आहे ते बघून जावं. आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं. रविवारी गर्दी इतकी असते की विकणाऱ्याला बोलायला सवड नसते, आणि इथे येण्याचं निम्मं कारण तर बोलणं हेच आहे.

माझी मावशी दिवाळीनंतर आली होती तेव्हा तिला मी मुद्दाम इथे आणलं. मावशीच्या सासरी पूर्वी हातमाग होता. आता नाही. पण कापडाकडे बघण्याची तिची नजर तशीच आहे. पैठणीच्या गाळ्यावर विक्रेत्याने पदर उलगडला, आम्ही सगळ्या 'अहाहा' म्हणालो, आणि मावशीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पदर उलटा केला.

"सुलटं काय बघतीस? उलटं बघ की."

तिने मला बोटाने दाखवलं. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर-पोपट, वेल, असावली यांतल्या प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी असते, आणि विणकर ती हाताने फिरवून शेजारच्या रंगात अडकवतो. म्हणून मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावर केलेल्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापलेल्या धाग्यांची कूस हाताला खरखरीत लागते. ज्या गाळ्यावर आम्ही उभ्या होतो तिथली पैठणी खरी होती. मावशीने ती परत घडी घालून दिली, अगदी जशी होती तशी, घडीवर घडी. घेतली नाही, कारण तेवढे पैसे नव्हते. विक्रेत्याला तिने तसंच सांगितलं, "कमी करा म्हणणार नाही, दादा. एवढीच व्हायला पाहिजे हिची किंमत. मला परवडत नाही, एवढंच." त्या माणसाने हात जोडले. मी असा सौदा मोडताना कधी पाहिला नव्हता. न घेताही किंमत मान्य करता येते, हे मी तिच्याकडून शिकले.

वारली चित्रांचा गाळा एका तरुण मुलाचा होता. डहाणू तालुक्यातला. शेणाने सारवल्यासारखा तपकिरी रंग दिलेलं कापड गुडघ्यावर घेऊन तो काम करत बसला होता, गिऱ्हाईक आलं तरी काडी खाली ठेवत नव्हता. आम्ही बाजूला बसलो. बसलो म्हणजे खरोखरच खाली बसलो, आणि त्याचं बघत राहिलो.

वारली चित्राला लागतं फार थोडं. गेरूची किंवा शेणाची जमीन, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघ. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो, आणि कमरेचा तो बिंदू जरा सरकवला की तोच माणूस नाचायला लागतो. हे चित्र मूळचं घराच्या कुडाच्या भिंतीवरचं, लग्नात काढायचं. सवाशिणी लग्नचौक काढतात, त्यात पालघट देवी बसते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन या पाड्यांवर गेले, आणि भिंतीवरचं चित्र कागदा-कापडावर उतरलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते लग्नाच्या चौकातून बाहेर काढून शेत, मासेमारी, मुंग्यांची वारुळं, पाऊस, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच असं सगळीकडे नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज त्यांच्यानंतरच्या पिढ्या हे काम करतात, आणि त्यातलाच एक मुलगा आमच्यासमोर तारप्याचा नाच काढत होता. गोल फिरणारी माणसांची साखळी, मध्ये तारपावाला. आश्चर्य असं की तो बाहेरून आत जात नव्हता. मधल्या माणसापासून सुरू करून एकेक नाचणारा जोडत बाहेर येत होता, आधी पेन्सिलची खूण न करता.

मावशीने विचारलं, "बाळा, एवढं व्हायला किती दिवस?"

"हे चार दिवसांत होतं, मावशी. गर्दी भरायची असली तर आठवडा."

"आणि किंमत?"

"पंधराशे."

मावशी गप्प झाली. हिशेब तिला चांगला येतो, मागावरच्या मजुरीवर संसार केलेली बाई ती. पंधराशेला चाराने भागलं की दिवसाचे पावणेचारशे. त्यातून कापड गेलं, गाडीभाडं गेलं, इथे राहण्या-जेवण्याचं गेलं, आणि जी चित्रं विकली जाणार नाहीत त्यांचे दिवस गेले. तिने पर्समधून पैसे काढले आणि मोजून त्याच्या हातात दिले. मग म्हणाली, "मागे नाव लिही तुझं. गावाचं बी लिही." त्याने लिहिलं. तसं प्रत्येकाने लिहून घ्यावं असं मला तेव्हापासून वाटतं. मिसळ खाल्ली की आपण दुकानाचं नाव दहा जणांना सांगतो. चित्र भिंतीवर वर्षानुवर्षं लटकतं आणि काढणाऱ्याचं नाव घरातल्या कोणालाच माहीत नसतं.

छापील वारली ओळखायला अवघड नाही, पण बघावं लागतं. हाताच्या कामात काडी रंगात बुडवली की रेघ ठसठशीत येते आणि पुढे पुढे बारीक होत जाते, मग पुन्हा ठसठशीत. चित्रभर हा चढ-उतार दिसतो. छापलेल्यात सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, आणि एकच माणूस हुबेहूब तसाच दोनदा-चारदा आलेला. हाताने काढलेल्यात शंभर माणसं असली तरी कोणाचे दोन पाय अगदी सारखे नसतात. ट्रे, कप, उशांचे अभ्रे यांवरचं बहुतेक छापील असतं. ते घेऊ नये असं मी म्हणत नाही. आवडलं तर घ्या. फक्त ते वारली कारागिराकडून घेतलं असं समजू नका.

याच नजरेने कोल्हापुरीकडे बघा. खऱ्या कोल्हापुरी चपलेत कातडं वनस्पतीच्या साली-फळांनी कमावलेलं असतं आणि शिवण कातड्याच्याच वादीची. तळाला खिळे दिसले, किंवा वास रसायनाचा आला, तर ठेवून द्या. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, म्हणजे अथणी-निपाणीकडची चप्पलही तितकीच खरी. बांबूच्या सुपा-टोपल्यांत वीण घट्ट आहे का यापेक्षा आधी बघायचं ते बांबू पिकलेला होता का. कोवळ्या बांबूला कीड लवकर लागते. टोपली पांढऱ्या कागदावर आपटली आणि पीठ पडलं तर समजायचं. माझ्याकडे बुरुडाच्या हातची एक रोवळी आहे, तांदूळ अजून त्यातच निथळतात. प्लास्टिकच्या चाळण्या आल्या आणि मोडल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझं म्हणणं भाबडं वाटेल. प्रदर्शनात बसलेला प्रत्येक माणूस कारागीर नसतो. बरेच व्यापारी असतात, दहा ठिकाणचा माल आणतात, आणि गिऱ्हाईक भाव करणार हे धरूनच किंमत दुप्पट सांगतात. त्यांच्याशी घासाघीस केली तर त्यात काही वावगं नाही. तो त्यांच्या धंद्याचाच भाग आहे. पण दोघांत फरक करता आला पाहिजे, आणि तो एका प्रश्नाने करता येतो: 'हे कसं करतात?' ज्याने केलंय तो बोलायला लागला की थांबत नाही. कुठली माती, कुठली साल, कोणत्या महिन्यात, आई काय करते, बायको काय करते, काय चुकतं. ज्याने फक्त आणलंय तो 'प्युअर हँडमेड आहे, मॅडम' एवढंच म्हणतो आणि लगेच सवलतीकडे वळतो. ज्या घरात हे काम चालतं तिथला माणूस भाव मागितला की क्षणभर खाली बघतो, कारण कमी करायचं म्हणजे स्वतःचा एखादा दिवस कमी करायचा. त्याच्याशी मी भाव करत नाही. पैसे कमी असतील तर लहान वस्तू घेते.

हाट फिरून भूक लागतेच. तिथे खाण्याचे गाळे असतात आणि मेळ्याप्रमाणे तेही बदलतात. पण बेलापूर-नेरुळच्या बाजूला आल्यावर जेवायचं असेल तर आगरी-कोळी जेवणच जेवावं. नवी मुंबई ज्यांच्या शेतांवर, मिठागरांवर आणि खाड्यांवर उभी राहिली, त्यांचं हे जेवण. तांदळाची भाकरी, चिंबोरीचा रस्सा, बोंबील, जवळा, आगरी मसाल्याचा खमंग वास. हिवाळ्यात नेरुळला आणि डोंबिवलीला आगरी महोत्सव भरतात, तेव्हा तर बघायलाच नको. बायका चुलींसमोर बसून दोन तळव्यांमध्ये भाकरी थापतात. आधी तांदळाच्या पिठाची उकड काढलेली असते, मग पाण्याचा हात लावत, गोळा या हातातून त्या हातात फिरवत, पोळपाट न वापरता भाकरी पातळ होत जाते आणि तव्यावर पडते. ती कडेला कुठेही फाटत नाही. मला भाकरी येते, ज्वारीची, परातीत थापलेली. सोलापूरची मुलगी आहे. पण ही मला अजून जमत नाही, आणि मावशीलाही जमली नाही. तिने एका स्टॉलवरच्या बाईंना विचारून त्यांच्या शेजारी बसून प्रयत्न केला. त्या बाईंनी तिचा मोडलेला गोळा हसत उचलला, परत मळला आणि तिच्यासमोर नीट थापून दाखवला. मग दोघींचं बोलणं सुरू झालं, ज्वारी आणि तांदूळ, तवा किती तापवायचा, सुना शिकतात का. आमची दुसरी भाकरी येईपर्यंत अर्धा तास गेला. ताटाचे पैसे देताना मावशीने वर काही ठेवायला पाहिलं, ते त्यांनी घेतलं नाही. भाकरीवाल्या बाईंना आपली किंमत ठाऊक होती, ती त्यांनी घेतली, तेवढीच.

मला वाटतं, भाकरी थापणारीची, काडीने चित्र काढणाऱ्याची आणि रानातून शेवळं आणणारीची गणना आपण एकत्र करत नाही, हा आपला घोटाळा आहे. एकीला स्वयंपाक म्हणतो, दुसऱ्याला कला, तिसरीला भाजीवाली. तिघांच्याही हातात पिढ्यांनी शिकवलेलं काहीतरी आहे. म्हणून सुकट घेतानाही मी ती हस्तकलाच समजून घेते. दिवाळे कोळीवाडा बेलापूरच्या जवळच आहे, तिथल्या मासळी बाजारात सुकं विकणाऱ्या बायका बसतात. बोंबील बांबूच्या आडव्या काठ्यांवर जोडीजोडीने अडकवून उन्हात वाळवतात, ढग आला की धावपळ होते, दव पडलं की माल काळा पडतो. चांगला सुका बोंबील मोडला तर टचकन तुटतो आणि वास खारा येतो, कुबट नाही. सोडे घेताना रंग बघा, फिकट गुलाबी-केशरी हवेत, आणि हाताला कोरडे लागायला हवेत. सोलापूरला जाताना मावशीने दोन डबे भरून नेले, प्लास्टिकच्या पिशवीत न नेता स्टीलच्या डब्यात, कारण गाडीत शेजारी बसलेल्यांचा विचार तिने केला.

ठाणे महापालिकेकडे, सिडकोकडे आणि ज्यांच्या हातात अशा गोष्टी असतात त्या सगळ्यांकडे माझं एक मागणं आहे. बेलापूरला हाट आहे तसं ठाण्याला काही नाही. इथे प्रदर्शनं मैदानांवर आणि हॉलमध्ये येतात-जातात, उपवनला वर्षातून एकदा कला महोत्सव भरतो, पण जव्हार-मोखाड्याच्या कारागिराला किंवा मुरबाडच्या भाजीवालीला हक्काने बसता येईल अशी कायमची जागा नाही. ती स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी, कारण डोक्यावर पाटी असलेली बाई रिक्षा करत नाही. छप्पर हवं, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, न विकलेला माल रात्री ठेवायला कुलूपबंद खोली हवी. अर्बन हाटमधला तो मुलगा बोलता बोलता म्हणाला होता की चित्रं घरी परत नेण्याचा खर्च टाळायला लोक शेवटच्या दिवशी अर्ध्या किमतीला देऊन टाकतात, आणि गिऱ्हाइकंही आता शेवटच्या दिवसाची वाट बघून येतात. खोली असली तर निदान हा एक भाव पडायचा थांबेल.